पट्टीवरचे चार फूट

पडदा वर जातो तेव्हा समोर नदी असते. मातकट, भरदार, कुणाकडे न बघता उजवीकडून डावीकडे चाललेली. तिच्यावर नवा पूल, राखाडी आणि ताठ. पुलाच्या दुसऱ्या खांबावर काळ्या-पांढऱ्या रंगात आकडे काढलेले, शून्यापासून चोवीसपर्यंत. त्याला सगळे नुसतं ‘पट्टी’ म्हणतात. अलीकडे, पुलाच्या तोंडाशी, लाकडी चौकटीतला एक काळा फळा. फळ्यापासून रस्ता उतरत उतरत खालच्या गल्लीत जातो. तिथे दुकानं, दुकानांवर घरं आणि घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे.

सकाळचे सहा. डावीकडून एक बाई येते. ठेंगणी, साठीला टेकलेली. पायात रबरी बूट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बगलेत रजिस्टर. ती कठड्याशी उभी राहते, चष्मा चढवते, पट्टीकडे बघते आणि डोळे मिटते. उघडते, पुन्हा बघते, पुन्हा मिटते. असं तीनदा झाल्यावर ती फळ्याकडे जाते, खडूने एक आकडा लिहिते आणि त्याच्याशेजारी एक बाण काढते. पाणी चढत असेल तर वर, उतरत असेल तर खाली, थांबलं असेल तर आडवा.

हा प्रवेश रोज दोनदा व्हायचा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. एकतीस वर्षं झाला आणि एकदाही टाळी पडली नाही. टाळी कशाला पडेल? घड्याळाला कुणी टाळ्या वाजवतं का?

तिला सगळे पट्टीमावशी म्हणत. नोकरी वडिलांची. ते जुन्या पुलावर पाणी मोजत. ते गेले तेव्हा ती त्यांच्या जागी लागली, कारण दुसरं कुणी पहाटे उठायला तयार नव्हतं. तीनदा बघायची सवय त्यांचीच. ते म्हणायचे, पहिल्यांदा नुसतं पाणी दिसतं, दुसऱ्यांदा लाट दिसते, आकडा दिसतो तो तिसऱ्यांदा. लग्न झालं तेही खालच्या गल्लीतल्या शिंप्याशी. त्या दोघांवरून गल्लीत जुना विनोद होता. शिंपी स्वतःच तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, “मी माणसांची पोटं मोजतो, ही नदीचं मोजते. माझ्या गिऱ्हाइकाचं वाढलं तर चार टाके उसवतो. हिच्या गिऱ्हाइकाचं वाढलं तर आम्हालाच उठून जावं लागतं.”

आणि खरंच उठून जावं लागायचं. खालच्या गल्लीला फळ्यावरचे आकडे पाढ्यांसारखे पाठ होते. नऊ झाले की काठावर कपडे धुणारे वरच्या दगडांवर सरकायचे. चौदाला सुतार आपल्या फळ्या माळ्यावर चढवायचा. सोळा झाले की मावशी आकड्याखाली दोन रेघा मारायची आणि मग स्वतः गल्लीत उतरून दारोदार जायची. लोक कुलपं लावून, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन, वरच्या शाळेत जाऊन बसायचे. सतराला पाणी गल्लीतल्या सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्याला लागायचं. एकतीस वर्षांत दोनदा ते सतराच्या वर गेलं, त्यातलं एकदा एकोणीसपर्यंत. भांडी वाहून गेली, शिलाई मशिनं गंजली, सुताराचं नुकसान झालं. पण माणूस एकही गेला नाही. ही काही छोटी गोष्ट नव्हे, पण तिची नोंद कुठल्याच कागदावर नाही. न मेलेल्या माणसांसाठी रकाना नसतो.

सगळ्यात खालचं ते घर मावशीच्या नणंदेचं. शिंप्याची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि तेव्हापासून ती तळमजल्याच्या खोलीत खाटेवर. पाय गेले, पण जीभ पायांचंही काम करायला लागली होती. मावशी रोज सकाळी फळा लिहून झाला की तिच्याकडे जायची, तिचं तोंड-हात धुवायची, केस विंचरायची आणि त्या बदल्यात टोमणे खायची. वन्संचं म्हणणं असं, की आपली भावजय नदीकडे तीनदा बघते आणि घरच्या माणसांकडे एकदाच, तेही पाठमोरी.

गोष्ट बिघडली ती नव्या पुलापासून. आणि ती बिघडवायला कुणी दुष्ट माणूस लागला नाही, हेच तर जास्त चीड आणणारं आहे.

दोन वर्षांपूर्वी नवा पूल झाला. जुना पाडायच्या आधी पंधरा दिवस दोन्ही पूल शेजारी शेजारी उभे होते, एक वाकलेला, एक ताठ, आजोबा आणि नातू असल्यासारखे. नव्या खांबावर ठेकेदाराच्या पेंटरने ताजी पट्टी काढली होती. पहिल्याच सकाळी मावशीने दोन्हींकडे बघितलं. जुनी पट्टी म्हणत होती सहा. नवी म्हणत होती दोन. तिने चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी जुनी सात, नवी तीन. पंधराच्या पंधरा दिवस चाराचा फरक, ना कमी ना जास्त. कारण समोर दिसत होतं. जुनी पट्टी नदीच्या तळापासून सुरू होत होती. नव्या खांबाला खाली काँक्रीटचा चबुतरा होता आणि पेंटरने शून्य मांडलं होतं त्या चबुतऱ्यावर.

ती नगरपालिकेत गेली आणि अभियंता साहेबांसमोर उभी राहिली. साहेब तेव्हा उद्घाटनाच्या धांदलीत होते, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात मांडववाल्याचा कागद. त्यांनी तिचं अर्धं ऐकलं आणि हसून म्हणाले, “मावशी, तुम्ही एवढ्या अनुभवी. चार फूटच ना? तुम्ही जुळवून घ्या.”

‘जुळवून घ्या.’ त्या कचेरीचा सगळा कारभार या दोन शब्दांवर चालायचा. खुर्चीचा पाय तुटला, खाली जुनी फाइल घालून जुळवून घ्या. माणूस रजेवर, शेजारच्याने जुळवून घ्या. मावशी त्याच कचेरीत मुरलेली. साहेब बोलले म्हणजे हुकूम झाला, हे तिने धरलं. त्या दिवसापासून ती नवी पट्टी वाचायची, मनात चार मिळवायची आणि आलेला आकडा फळ्यावर आणि रजिस्टरात लिहायची. जुना पूल पडला. चार फुटांची गोष्ट आता जगात एकाच डोक्यात उरली. लेखी काही मागायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. चूक म्हणायची तर तिची ही एकच. पण अशी चूक तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसंच करतात, आणि ती भोगतातही तीच.

मग आला आराखडा.

वरून आदेश आला होता की प्रत्येक गावाने नैसर्गिक आपत्तीचा धोका कमी करण्याची योजना करावी. आदेश चांगला होता. तसे बरेच आदेश चांगलेच असतात. बाहेरून सल्लागार आले, आठवडाभर राहिले, नकाशे पसरले. त्यांनी पाण्याच्या जुन्या नोंदी मागितल्या तेव्हा मावशीने सगळी रजिस्टरं ओल्या फडक्याने पुसून, वर्षावार लावून, स्वतः हातगाडीवरून नेऊन दिली. मुलीला सासरी पाठवतानाही तिने इतकी तयारी केली नव्हती, असं शिंपी म्हणाला. सल्लागारांनी पुलाच्या कठड्याला एक डबा बसवला. डब्याला एक डोळा होता आणि तो डोळा खांबावरच्या पट्टीवर रोखलेला. मावशीला सांगितलं, ही चाचणी आहे. तिने डब्याला शेजारी मानून घेतलं आणि त्याच्यावर पक्षी बसू नयेत म्हणून एक तार बांधून दिली.

प्रकाशनाच्या दिवशी तिला सभागृहात व्यासपीठावर बोलावलं. फुलं दिली, आराखड्याची एक प्रत दिली. जाड कागद, गुळगुळीत कव्हर, वर नव्या पुलाचा फोटो. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणाले की या बाईंच्या एकतीस वर्षांच्या नोंदींवर हा आराखडा उभा आहे. शिंपी पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसला होता आणि टाळ्या वाजवताना आजूबाजूला बघत होता, सगळे वाजवतायत ना म्हणून. मावशीची निवृत्ती महिन्यावर आली होती. तिला वाटलं, चला, शेवट गोड झाला.

घरी आल्यावर नवरा-बायको टेबलाशी बसले. तिचे डोळे दमलेले, म्हणून तो वाचू लागला. एकेचाळीसाव्या पानावर होतं की पाणी सोळा फुटांवर गेलं की भोंगा वाजेल आणि खालची गल्ली रिकामी केली जाईल. तिने मान डोलावली. सोळा बरोबर. तिच्या रजिस्टरांतूनच काढलेलं सोळा. त्रेसष्टाव्या पानावर होतं की यापुढे डबा पट्टीवरचा आकडा वाचेल आणि सोळा दिसताच भोंगा आपोआप सुरू करेल. तिची मान थांबली. तो पान उलटून चौसष्टावर गेला आणि तीन ओळी वाचून पुस्तक मिटायला लागला. तिने पुस्तक ओढून घेतलं आणि चष्मा लावून स्वतः वाचलं. तिथे छापलं होतं की चाचणीच्या काळातील मानवी नोंदी आणि पट्टीवरील प्रत्यक्ष पातळी यांत सातत्याने चार फुटांची तफावत आढळली. कारण, मोजणीदाराचा वयोमानानुसार दृष्टिदोष. उपाय, मोजणीदाराचे पद निवृत्तीनंतर रद्द करणे.

शिंपी चिडला. त्याला चीड आली ती दृष्टिदोषाची. ज्या बाईने त्याच्या शिवणीतला चुकलेला टाका अंधाऱ्या दुकानात उंबऱ्यावरून ओळखला होता, तिला हे आंधळी म्हणतात? पण मावशी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बेरीज करत होती. डबा सोळा वाचेल तेव्हा खरं पाणी असेल वीस. वन्संचा उंबरा सतराला. म्हणजे भोंगा वाजेल तेव्हा वन्संच्या खोलीत तीन फूट पाणी. तिने वर बघून विचारलं, “अहो, वन्संची खाट किती उंच आहे?”

शिंप्याने टेप उचलली आणि तसाच खाली उतरून बहिणीच्या घरात गेला. तो खाटेच्या पायाशी वाकलेला बघून वन्सं म्हणाल्या, “काय रे, माझं माप घ्यायला आलास? अजून वेळ आहे मला.” त्याने टेप गुंडाळली. वर येऊन सांगितलं, दीड फूट.

म्हणजे खाटेवरही दीड फूट. त्या खाटेवरची बाई स्वतःहून कूस बदलू शकत नाही. आणि तिच्यासारखी म्हातारी, पांगळी, तान्ही गल्लीत आणखी किती.

दुसऱ्या दिवशी मावशी कचेरीत. तिथे मुख्य लिपिक होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता, आणि भीतीने त्याचं अक्षर फार सुंदर झालं होतं. त्यांनी तिचं सगळं ऐकलं आणि सवयीप्रमाणे म्हणाले, लेखी द्या. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. सांगितलं की पट्टी चुकली आहे एवढंच लिहा, ‘मी चार मिळवत होते’ हे लिहू नका, ते लिहिलंत की दोर तुमच्याच गळ्यात येईल. मावशी म्हणाली की ते नाही लिहिलं तर बाकीच्याला अर्थ काय राहतो? आणि तिने ते लिहिलं, तारखेसकट. एक अर्ज, दुसरा अर्ज, तिसरा अर्ज. तिसऱ्याला उत्तर आलं. उत्तर म्हणजे कारणे दाखवा नोटीस. खांबावर दिसणारे आकडे सोडून दुसरे आकडे दोन वर्षं शासकीय रजिस्टरात लिहिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?

बघा काय न्याय आहे. पट्टी चुकवली कुणी? ठेकेदाराने. तपासली नाही कुणी? साहेबांनी. चूक दोन वर्षं झाकली गेली नाही, रोज दोनदा फळ्यावर दुरुस्त होत राहिली, ती दुरुस्त कुणी केली? आणि नोटीस कुणाला? तिलाच.

अभियंता साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. खोलीत काचेखाली गावाचं मॉडेल होतं. निळ्या प्लास्टिकची नदी, पांढऱ्या पुठ्ठ्याची घरं, हिरव्या स्पंजची झाडं. मावशीने वाकून खालची गल्ली शोधली. तिच्या जागी टेबलाची कड होती.

साहेब गोड बोलले. चहा मागवला. म्हणाले की एका कागदावर सही करा, डोळ्यांमुळे वाचनात चूक झाली असं. नोटीस मागे घेऊ, निरोपाचा कार्यक्रम थाटात करू, प्रश्न मिटला. मावशीने विचारलं, आणि पट्टीचं काय? साहेबांनी पुस्तकावर हात ठेवला. हे वर गेलंय, मंजूर होऊन आलंय. चार फूट बदलायचे म्हणजे तक्ते बदलायचे, नकाशे बदलायचे, बाराच्या बारा परिशिष्टं बदलायची, पुन्हा मंजुरी घ्यायची. वर्ष जाईल. मावशी म्हणाली की वर्षभरात पूर यायचा राहील का? साहेब म्हणाले, तसं काही सांगता येत नाही.

तेव्हा तिने त्यांना ती उद्घाटनाआधीची सकाळ आठवून दिली. फोन, मांडववाल्याचा कागद, सगळं. “साहेब, तुम्हीच म्हणाला होतात, जुळवून घ्या.”

साहेब तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “असं मी लेखी दिलंय?”

मावशी उठली. चहा तसाच राहिला. एकतीस वर्षांत तिने चढलेल्या आवाजात कुणाशी बोलल्याचं कुणाला आठवत नाही. तेव्हाही बोलली नाही. ज्या माणसाच्या शब्दावर तिने दोन वर्षं रोज दोनदा बेरीज केली होती, त्याला तो शब्द आठवत होता. हे तिला दिसलं होतं. विसरला असता तर तिने माफ केलं असतं.

त्या संध्याकाळी ती पेंटरकडे गेली. तोच, ज्याने नव्या खांबावर पट्टी काढली होती. तो दुकानात एका गॅरेजची पाटी रंगवत होता. तिने सांगितलं तसा त्याने ब्रश खाली ठेवला. म्हणाला, “मावशी, मला सांगितलं, खालून सुरू कर. खालून म्हणजे कुठून, हे कुणी सांगितलं नाही. मला चबुतरा दिसला. मी तिथून केलं.” मग विचारलं की खालच्या गल्लीत माझीही मावसबहीण राहते, तिचं घर कितीला आहे? मावशीने सांगितलं, साडेसतरा. त्याने ब्रश पुन्हा उचलला. रविवारी येतो म्हणाला.

पण नुसतं रंगवून चालणार नव्हतं. उद्या कुणी म्हणेल, म्हातारीला चाराचं वेड लागलंय. म्हणून तिने गल्लीतल्या गवंड्याला सांगितलं. गवंड्याकडे पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी असते. भिंती एका पातळीत आणायला ती लागते. नळीची दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. रविवारी सकाळी, भर उजेडात, सगळ्यांच्या देखत त्याने नळीचं एक टोक वन्संच्या उंबऱ्याला लावलं. त्या उंबऱ्याला सतरा, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत. दुसऱ्या टोकाशी त्याने भिंतीवर खडूची खूण केली. तिथून पुढच्या भिंतीवर, तिथून दिव्याच्या खांबावर, तिथून पुलाच्या कठड्याखालच्या दगडावर, असं करत ती पातळी नदीपर्यंत नेली. वन्सं खाटेवरून ओरडून विचारत होत्या की काय चाललंय, आणि बायका खिडकीतून त्यांना एकेक टप्पा सांगत होत्या, नाटकाचा वृत्तांत सांगावा तशा.

नदी उतरलेली होती, पाणी नुकतं चबुतऱ्याला लागून. गवंडी चबुतऱ्यावर टेकवलेल्या शिडीवर चढला आणि त्याने नळी खांबाला लावली. पाणी हललं, डुललं, थांबलं. थांबलं ते पट्टीवरच्या तेरावर.

सुताराने टोपी काढून पुन्हा घातली. सतरा आणि तेरा यांची वजाबाकी कुणाला शिकवायला लागली नाही. आपण दोन वर्षं निर्धास्त होतो ते या बाईच्या मनातल्या बेरजेवर, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

पेंटर शिडी लावून चढला, जुने आकडे खरवडले, पांढरा हात दिला, तो वाळू दिला आणि मग चबुतऱ्याशी, जिथे शून्य होतं तिथे, चार काढलं. मग पाच, सहा. दुपार कलेपर्यंत तो वर सरकत गेला. शिंपी टेप धरून प्रत्येक फूट तपासत होता. सोळाचा आकडा पेंटरने लाल काढला. ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग आराखडा पहिल्यांदा कामाला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याने पट्टी वाचली. काल शून्य होतं, आज चार. डब्याचा समज झाला की रात्रीत नदी चार फूट चढली. त्याने सगळ्या अधिकाऱ्यांच्या फोनवर इशारा धाडला. ज्या साहेबांना दोन वर्षांत फळ्यापर्यंत यायला वेळ मिळाला नव्हता ते तीन गाड्या करून काठावर आले आणि बूट न भिजवता जिथवर जाता येतं तिथवर जाऊन थांबले. समोर नदी कालच्याएवढीच होती. मावशी नेहमीसारखी फळ्यावर चार आणि आडवा बाण लिहीत होती. तिला मनात मिळवायचं काही उरलं नव्हतं.

आठवड्याने नगरपालिकेच्या समितीची बैठक झाली. आरोप होता शासकीय मालमत्तेचे विद्रूपीकरण. खोली चौथ्या मजल्यावर, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, अध्यक्ष मधोमध, अभियंता त्यांच्या उजवीकडे, टोकाला भाऊसाहेब वही घेऊन. मावशीला खुर्ची दिली होती. शिंपी बाहेर बाकावर.

तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. गवंड्याच्या खुणा भिंतींवर अजून आहेत, येऊन बघा, म्हणाली. कुणी येणार नव्हतं, आणि गंमत अशी की कुणी तिला खोटीही ठरवत नव्हतं. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, “बाई, तुमचे चार फूट बरोबर असतील. मी नाही म्हणत नाही. प्रश्न चार फुटांचा नाही. प्रश्न परवानगीचा आहे.”

हे वाक्य ऐकताना भाऊसाहेबांचं पेन थांबलं. एवढं तरी त्या माणसाच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

मग निर्णय झाला. मंजूर आराखडा आणि खांबावरची पट्टी यांत मेळ असायला हवा. आराखडा बदलायला वर्ष लागेल. पट्टी बदलायला एक दिवस. तेव्हा सुधारित मंजुरी येईपर्यंत पट्टी पूर्ववत करावी. थोडक्यात, पुस्तक खरं राहावं म्हणून नदीने वर्षभर खोटं वागावं. अध्यक्षांनी भाऊसाहेबांना हुकूम लिहायला सांगितला. भाऊसाहेबांनी घसा साफ करून विचारलं की हा आदेश कुणाच्या नावाने लिहू? साधा प्रश्न. अध्यक्षांनी अभियंत्याकडे बघितलं. अभियंत्याने सदस्यांकडे बघितलं. एका सदस्याने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. शेवटी अध्यक्ष म्हणाले की नावाचं नंतर बघू, ‘समितीच्या वतीने’ म्हणा, आधी काम होऊ द्या.

पण काम करणार कोण? पेंटरला सकाळीच विचारून झालं होतं. त्याने हात दुखतो असं कळवलं होतं. गावातले बाकीचे दोन पेंटर म्हणाले, आमचेही दुखतात. ठेकेदार फोन उचलत नव्हता. कचेरीच्या शिपायाला शिडीवर चढायला सांगावं, तर तो खालच्या गल्लीत राहायचा आणि दाराशी हाताची घडी घालून उभा होता. अभियंता साहेबांचा आवाज चढला. अख्ख्या गावात चार आकडे पुसायला एक माणूस मिळत नाही म्हणजे काय, म्हणाले, कुणीही शोधा, बाहेरगावचा आणा, पण आज संध्याकाळच्या आत चढवा त्याला.

मावशी उठून उभी राहिली. चष्मा काढून दोरीवर सोडला आणि त्यांच्याकडे बघितलं. या वेळी एकदाच बघितलं.

“माणूस कशाला शोधताय, साहेब? तुम्हीच चढा. शिडी मी धरते.”